पाठीवरचा माणूस

नोएडात एका बातम्यांच्या कंपनीत मी फोटो तपासायचं काम करते. एखाद्या पुराचा म्हणून फिरणारा फोटो भलत्याच गावचा असतो, आजची म्हणून दाखवलेली गर्दी पाच वर्षांपूर्वीची निघते, असलं सगळं शोधून काढायचं. त्या वर्षी संपादकांनी डिसेंबरसाठी जुन्या युद्धफोटोंची एक मालिका ठरवली. प्रत्येक फोटोमागची गोष्ट सांगायची, एवढीच कल्पना. त्यात एकाहत्तरच्या लढाईतला एक फोटो होता.

काळापांढरा. गुडघ्याच्या वर पाणी, मागे बोरूचं रान आणि पाण्यातून समोर येणारा एक जवान. त्याच्या पाठीवर दुसरा. पाठीवरच्याचं तोंड पहिल्याच्या मानेत दडलेलं, एक हात पुढे लोंबकळतोय आणि त्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. वाहून आणणाऱ्याचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो. दात आवळलेले, डोळे असे की बघणाऱ्याने नजर खाली घ्यावी. फौजी कॅलेंडरांवर, एक-दोन शाळांच्या भिंतींवर तो मी पाहिला होता. खाली नाव कधीच नसायचं. 'जखमी साथीदाराला घेऊन येणारा जवान', एवढंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, फरीदाबादहून रोज दोन मेट्रो बदलून येते. तो फोटो काढणारा माणूस केव्हाच वारला होता, पण तिने त्याच्या घरच्यांचा पत्ता काढला आणि त्यांच्याकडच्या जुन्या खोक्यातले बरेच प्रिंट स्कॅन करून मागवले. एका दुपारी तिने मला हाक मारली.

"मॅम, घडी देखिए."

स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक नेहमीचा. दुसरा कधीच छापला न गेलेला. तीच नदी, तोच जवान, पाठीवर तोच माणूस.

"दोन्हीत जवानाचं घड्याळ डाव्या मनगटावर आहे," मी म्हटलं.

"हां. आणि पट्टी?"

नेहमीच्या फोटोत पट्टी उजव्या हाताला होती. दुसऱ्यात डाव्या हाताला.

मी म्हटलं, निगेटिव्ह उलटी पडली असेल, पूर्वी सर्रास व्हायचं. मग लगेच मलाच कळलं की निगेटिव्ह उलटली असती तर घड्याळही उजवीकडे गेलं असतं. तिने आणखी एक गोष्ट दाखवली. दुसऱ्या फोटोत ते दोघे काठावर उभे आहेत, अजून पाण्यात उतरायचे आहेत, पण जवानाची पँट मांडीपर्यंत भिजलेली आहे. म्हणजे तो आधी एकदा तरी पाण्यातून जाऊन आला होता.

"साथीदाराला आणायला पलीकडे गेला असेल."

"और पट्टी? वो चलके दूसरे हाथ पे गई?"

पुढचे तीन दिवस कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. एकजण म्हणाला, फौजेबद्दल असं लिहीत नाहीत यार. दुसरा म्हणाला, फोटो मुद्दाम काढला असेल, पण लढाई तर खोटी नव्हती ना? त्या मुलीचा आवाज चढला. ती म्हणाली, इथे चालतं म्हणायचं असेल तर उद्यापासून आपण रोज इथे बसतो ते कशासाठी? संपादकांनी दोन्ही फोटो बघितले आणि म्हणाले, "बढिया है. बिल्कुल करो. फक्त माणूस सापडला पाहिजे."

तो माणूस कुठे आहे हे मला ठाऊक होतं.

रविवारी आम्ही काहीजणी दिल्लीतल्या मराठी मुलांचा वर्ग घेतो. मुलं घरात मराठी बोलतात, पण 'पाणवठा' म्हटलं की एकमेकांकडे बघतात. कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांची मुलगी त्या वर्गाला यायची. तिच्या आईने मला मागच्या जानेवारीत हळदीकुंकवाला बोलावलं होतं. त्यांच्या क्वार्टरमध्ये शोकेसच्या वर तो फोटो फ्रेम करून लावलेला होता. "हे आमचे मामंजी," ती कौतुकाने म्हणाली होती. "पाठीवर आहेत ते त्यांचे मित्र. शेजारच्याच गावचे. शहीद झाले." मी तेव्हा हात जोडले होते.

चौथ्या दिवशी मी तिला फोन केला आणि विचारलं, सासऱ्यांशी थोडं बोलता येईल का. ती हरखली. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेच होते. शनिवारी मी गेले तर सुभेदारांनी गेटवर माझं नाव देऊन ठेवलेलं, घरात शिऱ्याचा वास, आणि टीपॉयवर रुमाल अंथरून त्यावर पदकं मांडलेली. त्यांना वाटलं होतं मी आजोबांचा सत्कार करणारा लेख लिहिणार आहे. सुभेदार म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत कुणी नाव विचारलं नाही बघा." ते ड्युटीवर निघून गेले आणि मला हायसं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली.

आजोबा बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. उंच, अंगाने काटक, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मी गाव विचारलं, तब्येत विचारली. मग दुसरं काही सुचेना म्हणून टॅबवर तो न छापलेला फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा वर केला, टॅब डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो कुठं घावला?"

मी सांगितलं.

"ह्यो आमचा लांगरी हाय," ते म्हणाले. "सैपाक करायचा कंपनीचा."

"पाठीवर?"

"व्हय. दोन्हीतबी त्योच."

मी काही विचारायच्या आत ते सांगायला लागले. कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेल्या माणसासारखे नाही, तर कंटाळून ओझं खाली ठेवावं तसे.

त्यांचा मित्र आणि ते एकाच दिवशी भरती झाले होते. त्या नदीवर पहाटेच्या धुक्यात मित्राच्या पोटात गोळी लागली. ह्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि अलीकडे यायला निघाले. "पोटात गोळी लागल्याल्याला पानी देऊ नये म्हनत्यात. आन् मी पान्यातनं चाललोय. मांडीएवढं पानी. ह्यो माझ्या कानात म्हनतोय, पानी दे रं, एवढं पानी दे. मी म्हनलो, काठाला गेल्यावर देतो. काठाला आलो तवा गेल्याला हुता."

दारात त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली. ही गोष्ट तिनेही पहिल्यांदाच ऐकली, हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"फोटूवाला तिसऱ्या दिवशी आला. लढाई थांबली हुती तवा. सायबांनी त्येला माझी गोष्ट सांगितली आन् मला म्हनले, कसं आणलंस ते दाव. मी म्हनलो, सायब, त्यो तर गेला. म्हनले, दुसऱ्या कुनाला तरी घे. लांगरी वजनानं हलका. त्येच्या हाताला पट्टी गुंडाळली. चार खेपा घातल्या. फोटूवाल्याला ऊन पाहिजे तसं मिळंना. मधी पट्टी सुटली, ती भलत्याच हाताला बांधली, कुनाच्या ध्यानातबी आलं न्हाई."

मी म्हटलं, "पण काका, तुमचा चेहरा. तो तर खरा आहे. लोक तो चेहरा बघूनच..."

"त्योच सांगतो. लोकं म्हनत्यात, केवढं दुःख. दुःख कसलं? लांगरी हसत हुता. गार पान्यानं म्हना, भ्यानं म्हना, काय की. पोरगंच हुतं त्ये. माझ्या कानापाशी खिक् खिक् करत हुतं. दोन दिसांमागं त्याच कानात ह्यो पानी मागत हुता. मला वाटलं, ह्येला हितंच बुडवावा. त्ये तोंड त्या वक्ताचं हाय. चौथ्या खेपंला टाकलाच त्येला पान्यात."

मग ते रजेवर गावी गेले. तोवर फोटो पेपरात आला होता आणि गावातल्या कुणीतरी मित्राच्या आईला नेऊन दाखवला होता. ती दारातच बसली होती, पेपर मांडीवर घेऊन. तिने ह्यांना विचारलं, पाठीवर माझाच आहे ना?

"मी व्हय म्हनलो," आजोबा म्हणाले. "दुसरं काय म्हननार हुतो?"

आई वारून बरीच वर्षं झाली. मित्राची धाकटी बहीण मात्र माहेरीच राहते, घर तीच सांभाळते. फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे. दरवर्षी त्या दिवशी ती हार घालते, गोडाचं करते आणि ह्यांना जेवायला बोलावते. हे जातात, जेवतात, परत येतात.

त्यांनी टॅब मला परत दिला. "लिवायचं तर लिवा. लपवून आता काय करू? फकस्त तिला मला आधी सांगू द्या. डोळ्याचं झालं की गावाकडं जातो. पंधरा दिस थांबा."

मी थांबते म्हणाले. शब्द दिला.

सोमवारी सकाळी ऑफिसात बसून मी सगळं लिहून काढलं. विसरायला होईल म्हणून लिहून ठेवते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते लिहायचंच होतं. इतक्या वर्षांत माझ्या हाताला असं काही लागलं नव्हतं. नुसता बनाव उघड करणारं ते लिखाण नव्हतं. दोन वेळा नदी ओलांडणाऱ्या माणसाबद्दल मी लिहिलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं. मी ते ऑफिसच्या सिस्टिममध्ये टाकलं आणि वर मोठ्या अक्षरात टीप घातली: मला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. आणि पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले.

सीमांतपूजन चाललं होतं तेव्हा फोन थरथरायला लागला. पहिला मेसेज बँकेतल्या एका जुन्या मैत्रिणीचा, 'तू लिहिलंयस ना हे? जबरदस्त.' मी लिंक उघडली. मजकूर निम्मा कापलेला. चार खेपा होत्या, लांगऱ्याचं हसणं होतं, पण मित्राचं पाणी मागणं, आईने विचारलेला प्रश्न आणि आजोबांनी दिलेलं उत्तर गेलं होतं. मथळा हिंदीत होता: शौर्य की वो मशहूर तस्वीर नकली. वर, दोन्ही फोटोंवर लाल गोल.

मी मंगल कार्यालयाच्या मागच्या जिन्यात जाऊन संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, दुसऱ्या एका वेबसाइटला त्या खोक्याचा वास लागला होता, थांबलो असतो तर हातचं गेलं असतं. टीप? टीप बघायची राहिली. "लेकिन देखो, कितना चल रहा है." मग ऑफिसातल्या त्या मुलीने फोन केला. ती रडत होती. "मैंने मना किया था, मॅम. हेडलाइन मेरी नहीं है." मी तिच्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवते. पण तिच्याशी बोलताना माझ्या मनात एकच होतं. मी ते लिहून ठेवलं नसतं तर कुणाच्या हाती काय लागलं असतं?

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. आधी मी त्यांची ताई होते, आता मॅडम झाले.

"मॅडम, ग्रुपवर लोक विचारतायत, वडिलांनी ॲक्टिंग किती पैशात केली."

"मी टीप घातली होती, मी पुण्यात आहे, माझ्या नकळत..."

"तुम्ही आमच्या घरी शिरा खाल्लात."

एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. मी परत केला, लागला नाही. पुढच्या रविवारी त्यांची मुलगी वर्गाला आली नाही. त्यानंतरही नाही.

दिल्लीला परत आल्यावर दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईमाणसाचा आवाज, थोडा घोगरा.

"फोटूचं लिवलं त्या बाई तुमीच का?"

ती मित्राची बहीण होती. गावातल्या पोरांनी तिला मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. आजोबा अजून दिल्लीतच होते, डोळ्याच्या तपासणीची तारीख पुढे गेली होती. मी माफी मागायला लागले. तिने मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. पाठीवर आमचा दादा न्हाई, ह्ये खरं का?"

"हो."

"मग तुमच्याकडं त्याचा दुसरा फोटू हाय का? एवढं सगळं शोधलंत तर तोबी घावला आसंल."

मी विचारलं, घरात त्यांचा एकही फोटो नाही का? भरतीच्या वेळचा, ओळखपत्रावरचा?

"न्हाई. एक ट्रंक आली हुती. त्यात कपडे हुते. आईनं म्हनलं, पेपरातला हाय की, आनखी कशाला पाहिजे." मग म्हणाली, "आता त्या लांगऱ्याला हार घालत बसू का मी?"

ती ओरडून बोलली असती तर मला झेपलं असतं. ती साधं विचारत होती.

मी ऑफिसातल्या त्या मुलीला सांगितलं. तिने ते खोकं पुन्हा उघडलं, म्हणजे स्कॅनचं फोल्डर. दोन दिवस आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत एकेक प्रिंट मोठा करून बघत होतो. शेवटी एक सापडला. कंपनीतले पंधरा-वीस जवान उन्हात मांडी घालून जेवायला बसलेले, ताटल्या हातात, बहुतेक जण कॅमेऱ्याकडे बघून हसणारे. तो त्या कंपनीचा आहे हे नक्की होतं, कारण कडेला आजोबा ओळखू येत होते. मी तो बहिणीला पाठवला आणि वाट बघत बसले.

तिचा फोन आला. "बाई, ह्यातला दादा कुठला?"

"तुम्हाला ओळखता येत नाही?"

"मी नऊ वर्षांची हुते. मला त्याचा आवाज आठवतो. तोंड म्हनलं की तो पाठीवरचाच आठवतो."

आणि त्याला तोंड नव्हतं.

आता ओळखणारा माणूस एकच उरला होता. मी सुभेदारांच्या बायकोला लांबलचक मेसेज लिहिला, सोबत फोटो जोडला. उत्तर आलं नाही. नंतर कळलं की आजोबांनी तो बघितला आणि डॉक्टरची तारीख सोडून गावाची गाडी पकडली. मुलगा नको म्हणत होता तरी गेले.

आठवड्याने बहिणीने फोन केला तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. आजोबा आले होते. ती दार लावून घेणार होती, पण ते ओसरीवर बसून राहिले. दुपार होत आली तेव्हा तिने पाणी दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, पाणी मागितल्याचंही. "मला लई राग आला," ती म्हणाली. "म्हनलं, एवढं घोटभर द्यायचं हुतं. तर खाली मान घालून बसला म्हातारा." मग तिने त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यांनी दुसऱ्या ओळीतल्या एका जवानावर बोट ठेवलं. ताटली गुडघ्यावर ठेवून हसणारा, कान जरा मोठे.

"आईचे कान हायती, बाई. अगदी आईचे."

तालुक्याच्या स्टुडिओतून तिने तेवढाच चेहरा मोठा करून घेतला होता. आम्ही दोघी फोनवर रडलो. ऑफिसातल्या त्या मुलीला मी सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली.

जानेवारीत फोटोवाल्याच्या घरून आणखी एक मेल आली. आधी त्यांनी प्रिंटांच्या फक्त पुढच्या बाजू पाठवल्या होत्या, आता त्या मुलीच्या सांगण्यावरून मागच्या बाजूही पाठवल्या. बहुतेक कोऱ्या होत्या. जेवणाऱ्या जवानांच्या फोटोमागे पेन्सिलीने इंग्रजीत एक ओळ होती. नदीवरचा फोटो काढला त्याच दिवशी, नंतर जेवताना.

म्हणजे तिसरा दिवस. मित्र जाऊन दोन दिवस झाले होते.

ती मुलगी स्क्रीनकडे बघत होती. अक्षर, तारीख, कागद, सगळ्यावर ती एरवी अर्धा तास बोलली असती.

"पेन्सिल है," ती शेवटी म्हणाली. "बाद में लिखा होगा. गलत भी हो सकता है ना, मॅम?"

"हो सकता है," मी म्हटलं. तिने फाइल बंद केली.

माझ्याने मात्र राहवलं नाही. आजोबा गावीच राहिले होते, त्यांचा नंबर मी बहिणीकडून घेतला. डोळा कसा आहे, थंडी किती आहे, असलं विचारून झालं. ते नीट बोलत होते, रागावलेले वाटत नव्हते. मी म्हटलं, "काका, तो जेवणाचा फोटो..."

पलीकडे शेळी ओरडली. कुणीतरी तिला हाकललं.

"त्याचं काय?"

"काही नाही. तो केव्हाचा असेल असं वाटलं."

ते खोकले. मग सावकाश म्हणाले, "ह्येबी तपासनार व्हय बाई तुमी?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं मग," ते म्हणाले, आणि ती बहीण आता रोज सकाळी त्यांच्या घरी दूध पाठवते, पावसाळ्यात तिची मागची भिंत पडली होती ती आता पुन्हा घालायची आहे, दगड चांगला मिळत नाही, असं कितीतरी वेळ सांगत राहिले. मी ऐकत होते. मधून मधून हूं म्हणत होते.